जवस, कापूस आणि मोटारीची चकाकी : काळ्या मातीतून दिसणारा रंगाचा इतिहास

#थ्रेड

१/ खंडेनवमी आली की बीड जिल्ह्यातल्या गावोगावच्या अंगणांत एकच लगबग दिसते. ट्रॅक्टर, जीप, मोटारी, दुचाकी धुतल्या जातात. दसऱ्याला त्यांवर झेंडूच्या माळा चढायच्या असतात. अशा वेळी घरातले कोणी वडीलधारे ‘रबिंग’चा डबा काढतात आणि मऊ फडक्याने बॉनेट गोलगोल घासू लागतात. त्यांच्या तरुणपणी ही कृती अगदी योग्य होती. आज तीच कृती गाडीचे आयुष्य कमी करते. असे का झाले, याचे उत्तर मोटारीच्या रंगाच्या इतिहासात आहे, आणि त्या इतिहासात आपल्या शेतातली दोन पिके उभी आहेत.

२/ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोटार अवतरली, तेव्हा तिचा सांगाडा यंत्रज्ञ घडवत असत. तिचे शरीर मात्र घोडागाड्या बांधणारे कारागीर घडवत. साहजिकच रंगकामही घोडागाडीचेच होते. जवसाच्या तेलात रंगद्रव्य खलून त्याचे हात द्यायचे आणि शेवटी रोगणाचे लेप चढवायचे. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू शोषून घेते आणि हळूहळू घट्ट पापुद्रा बनते. म्हणून प्रत्येक हातानंतर कित्येक दिवस थांबणे, प्युमिस दगडाच्या भुकटीने घासणे आणि पुन्हा नवा हात देणे, असा क्रम असे. एका गाडीला अनेक आठवडे लागत.

३/ मराठवाड्यात जवस म्हटले की चटणी आठवते. भाकरीबरोबरची ती खमंग काळपट चटणी. पण ज्या काळाविषयी आपण बोलत आहोत, त्या काळात जवस हा हिंदुस्थानातून युरोपात जाणारा एक मोठा निर्यातमाल होता. मुंबई बंदरातून त्याची पोती रवाना होत आणि तिकडे त्यापासून रंग, रोगण व लिनोलियम तयार होई. रब्बीच्या काळ्या रानात निळ्या फुलांनी डोलणारे हे पीक जगाच्या रंगकामाचा पाया होते.

४/ त्या युगाचा एक नमुना आपल्या इतिहासाशी थेट जोडलेला आहे. बीड त्या वेळी हैदराबाद संस्थानात होते. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी एक रोल्स-रॉइस ‘सिल्व्हर घोस्ट’ मागवली. तिचे शरीर लंडनच्या बार्कर या जुन्या घोडागाडी बांधणाऱ्या पेढीने घडवले. १९११ मध्ये महबूब अली खान निवर्तले आणि १९१२ ची ही पिवळी सिंहासन-मोटार सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या समारंभांत वापरली गेली. आज ती हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात पाहता येते.

५/ रोगणाच्या युगातली निगा निराळी होती. घासण्याला तिथे जवळजवळ स्थान नव्हते. चिखल वाळण्याआधी भरपूर पाण्याने धुवायचा आणि मऊ कातड्याने टिपून घ्यायचे, एवढेच. श्रीमंतांच्या वाड्यांत गाड्यांची खोली तबेल्यापासून दूर ठेवण्याची शिस्त होती, कारण घोड्यांच्या लिदीमुतातून उठणारी अमोनियाची वाफ रोगण मंद करत असे. निगेचे नियम कारागिराच्या लहरीने ठरत नसत. लेपाच्या रसायनाने ठरत.

६/ पुढे कारखान्याचा वेग वाढला. १९१३ मध्ये फोर्डने सरकती जुळणी-रेषा सुरू केली. गाडी काही तासांत जुळू लागली, पण रंग वाळायला आठवडे! हा मोठाच अडथळा होता. १९१४ ते १९२५ या काळात ‘मॉडेल टी’ केवळ काळ्या रंगात मिळत होती. डांबरवर्गीय द्रव्याचा तो काळा लेप स्वस्त व टिकाऊ होता, आणि भट्टीत भाजून घट्ट करता येई. रंगीत गाडी हवी असणाऱ्या ग्राहकाला मात्र रोगणाची वाट पाहावीच लागे.

७/ ही कोंडी कापसाने फोडली. १८४६ मध्ये बाझेल येथील रसायनज्ञ ख्रिस्तियान शोनबाइन यांनी कापसावर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून ‘बंदुकीचा कापूस’ म्हणजे नायट्रोसेल्युलोज तयार केले. ते स्फोटक होते. सौम्य प्रतीचे नायट्रोसेल्युलोज द्रावकात विरघळवले की त्याचा चिवट, पारदर्शक पापुद्रा बनतो, हेही लवकरच कळले. अडचण एकच होती : द्रावण इतके दाट होई की फवाऱ्यातून पातळसा थरच बसे. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या ड्युपाँ कंपनीतील संशोधकांना हे द्रावण पातळ करूनही त्यात भरपूर रंगद्रव्य धरून ठेवण्याची युक्ती साधली. १९२३ मध्ये तो रंग ‘ड्यूको’ या नावाने आला. जनरल मोटर्सने तो १९२४ च्या निळ्या ओकलंड गाडीवर वापरला. आठवड्यांचे काम तासांवर आले आणि रस्ते रंगीत झाले.

८/ इथे क्षणभर थांबून पाहा. जवसाची जागा कापसाने घेतली. सरकीवर चिकटून राहणारा आखूड तंतू, जो सूतगिरणीच्या कामाचा नसतो, तो नायट्रोसेल्युलोजसाठी उत्तम कच्चा माल ठरतो. गेवराई-माजलगावच्या शेतकऱ्याला परिचित असलेली दोन्ही पिके मोटारीच्या चकाकीच्या दोन सलग युगांची नावे ठरली.

९/ पण ड्यूकोचा एक स्वभाव होता. तो वाळल्यावर मंद दिसे. त्याला घासूनच चकाकी आणावी लागे. उन्हात त्याचा वरचा थर मरून खडूसारखा पांढुरका होई. तो मेलेला थर घासून काढला की खालचा ताजा रंग पुन्हा चमके. फडक्याला गाडीचा रंग लागणे हे काम नीट चालल्याचे लक्षण होते. वर ब्राझीलच्या कार्नोबा ताडाच्या पानांपासून मिळणारे कठीण मेण चढवायचे. शिकागोची ‘सिमोनिझ’ कंपनी १९१० पासूनच अशी मेणे विकत होती. दर काही आठवड्यांनी घासणे आणि मेण लावणे, हा मोटारशौकिनांचा नित्यनेम याच युगात पक्का झाला.

१०/ भारतात सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट आणि पद्मिनी बाहेर पडल्या. १९५७ मध्ये ॲम्बॅसेडर आली. त्या पिढीतल्या गाड्यांवर रंग आणि चकाकी एकाच थरात असे. गॅरेजमधल्या रंगाऱ्याचे ‘लांबी भरणे, वॉटर पेपर मारणे, रबिंग करणे’ हे शास्त्र त्याच थराचे शास्त्र होते. ‘ड्यूको’ हा शब्द तर आजही आपल्या सुतारांच्या तोंडी आहे. कपाटाच्या फवारा-रंगाला ते तेच नाव देतात. आजोबांचा हात चुकत नव्हता. त्यांची गाडीच तशी होती.

११/ १९७० आणि १९८० च्या दशकांत जगभर दुहेरी लेप रुळला : खाली पातळ रंग आणि वर पारदर्शक ‘क्लिअर कोट’. हा वरचा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा, म्हणजे गाडीची सारी चकाकी केसाहूनही पातळ कवचात असते. उन्हातल्या अतिनील किरणांना अडवणारी द्रव्येही त्याच कवचात असतात. प्रत्येक पॉलिश ही त्यातून केलेली वजाबाकी असते. कवच संपले की पापुद्रे सुटतात, आणि मग कोणतेही मेण कामाला येत नाही.

१२/ मग आपल्या दारातल्या गाडीवर कोणता थर आहे, हे कसे ओळखावे? एखाद्या आडोशाच्या कोपऱ्यात पांढऱ्या कापडाने किंचित सौम्य पॉलिश फिरवा. कापडाला गाडीचा रंग लागला, तर थर एकेरी आहे. कापडावर केवळ मळ आला, तर वर पारदर्शक कवच आहे. फडके फिरवण्याआधी एवढी परीक्षा पुरे.

१३/ बीडच्या हवेत ही काळजी अधिकच लागते. काळ्या मातीची धूळ, खडीचा चुरा आणि परळीच्या औष्णिक वीजकेंद्राची राख यांत कठीण कण असतात. कोरड्या फडक्याने धूळ पुसणे म्हणजे वॉटर पेपर फिरवणेच. बोअरचे जड पाणी उन्हात वाळले की क्षारांचे पांढरे डाग उमटतात. म्हणून सावलीत धुवावे, आधी धूळ भिजवून वाहून जाऊ द्यावी, वरून खाली यावे, आणि पाणी वाळण्याआधी टिपून घ्यावे. टँकरवर दिवस काढणाऱ्या जिल्ह्यात नळी सोडून गाडी धुणे शोभत नाही; हातपंपाच्या फवाऱ्याने भिजवले तर थोडक्या लिटरांत काम होते.

१४/ शेवटी एक विनंती. पोळ्याला बैलाची शिंगे साळताना जाणता शेतकरी हात आखडता घेतो. जास्त साळले तर शिंग दुखावते. जुन्या गाडीच्या बाबतीतही तोच संयम हवा. तुमच्या घरी वा गावात जुनी जीप, ॲम्बॅसेडर किंवा फियाट उभी असेल, तर तिचा सगळा रंग खरवडून नवा मारण्याची घाई करू नका. दाराच्या बिजागरीजवळ, डिकीच्या आत, डॅशबोर्डखाली मूळ रंग बहुधा शिल्लक असतो. त्याचे छायाचित्र घ्या, गाडीचे वर्ष टिपून ठेवा. रंग पुन्हा मारता येतो. मूळ थर एकदाच असतो.

यंदाच्या खंडेनवमीला रबिंगचा डबा उघडण्याआधी वडीलधाऱ्यांना हा थ्रेड जरूर वाचून दाखवा. त्यांच्याकडून जुन्या रंगकामाच्या आठवणीही ऐका, आणि खाली लिहा.