प्रोस्टेट कर्करोग आणि हृदयस्वास्थ्य

प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग झालेल्या पुरुषांत उपचारांमुळे व राहणीमुळे वाढणारा हृदयविकाराचा धोका आणि त्याचे नियमन. हा कर्करोग बहुधा साठीनंतर आढळतो व अनेकदा संथपणे वाढतो. त्यामुळे रोग ग्रंथीपुरता मर्यादित असलेले कित्येक रुग्ण कर्करोगाने न दगावता हृदयविकाराने दगावतात.

टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक रोखले की हा रोग माघार घेतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले. त्यासाठी त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वृषण काढण्याची शस्त्रक्रिया किंवा ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन यांची इंजेक्शने हे आजही ते रोखण्याचे मुख्य मार्ग आहेत. मात्र हे संप्रेरक घटले की स्नायू झडतात, पोटावर चरबी साठते, रक्तातील साखर व कोलेस्टेरॉल वाढते आणि हाडे ठिसूळ होतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये या इंजेक्शनांवर मधुमेह व हृदयविकाराचा इशारा छापायला लावला. २०२० च्या ‘हीरो’ चाचणीत टेस्टोस्टेरॉन घटवणाऱ्या रेलुगोलिक्सच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी २.९ टक्के, तर ल्युप्रोलाइड घेणाऱ्यांपैकी ६.२ टक्के रुग्णांना हृदय-रक्तवाहिन्यांचे गंभीर विकार झाले. त्याच प्रकारच्या डेगारेलिक्सवरील ‘प्रोनाउन्स’ चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली; पुढच्या वर्षी आलेल्या तिच्या निष्कर्षांत असा फरक आढळला नाही. म्हणून कोणते औषध हृदयाला कमी घातक, हा वाद मिटलेला नाही. अ‍ॅबिराटेरोन या दुसऱ्या औषधाने रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरते. हृदयविकाराच्या भीतीने कर्करोगाचे उपचार टाळणे मात्र घातकच.

उदाहरणार्थ, छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेला, दौलताबाद-वेरूळ रस्त्यावरील पडेगावच्या रहिवाशाला शासकीय कर्करोग रुग्णालय शहरातच आहे. अडचण अंतराची नसते. कर्करोगाची फाईल एका पिशवीत आणि बीपी-शुगरचे कागद दुसऱ्या डॉक्टरांकडे, अशी विभागणी असते, ती खरी धोक्याची. पहिल्या इंजेक्शनाआधीच ईसीजी, रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल तपासून दोन्ही डॉक्टरांना दाखवावे. उपचार चालू असेपर्यंत या तपासण्या ठरावीक काळाने पुन्हा कराव्यात. आधी झटका येऊन गेला असेल किंवा स्टेंट बसवलेला असेल, तर ते न विचारताही सांगावे. अ‍ॅस्पिरिन मनाने सुरू करू नये.

राहणीत पहिले काम तंबाखू सोडण्याचे. बिडी सोडून चुना-तंबाखूची चिमूट चालू ठेवणारे पुष्कळ आहेत. निकोटिनने नाडी आणि रक्तदाब दोन्ही वाढतात, म्हणून ती तडजोड हृदयाला परवडत नाही. ज्वारीची भाकरी, डाळ व पालेभाजी चांगलीच. लोणचे, पापड आणि मिठाचा ठेचा आवरावा. आठवड्याला दीडशे मिनिटे झपाट्याने चालावे, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ऊन चढण्याआधी. नुसत्या चालण्याने झडलेले स्नायू भरून येत नाहीत. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, हलकी वजने उचलणे हेही हवे. रोग हाडांत पसरला असेल तर वजन उचलण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

छातीत दडपण, चालताना दम, पायांवर सूज ही लक्षणे घरचे ‘आजाराचा अशक्तपणा’ म्हणून सोडून देतात. छातीत दडपण आल्यास कर्करोगाच्या पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालयात जाऊन ईसीजी काढावा.