विंचू चावल्यावर नसांमध्ये नेमके काय बिघडते? समजून घ्या चेतापेशीतील विजेचे गणित

महाराष्ट्रात लाल विंचवाच्या दंशाने, विशेषतः लहान मुलांचे, जीव गेले आहेत. या विंचवाचे विष चेतापेशींच्या विजेवर हल्ला करते. ते कसे, हे कळण्यासाठी आधी ही वीज कशी तयार होते ते पाहावे लागेल.

ही वीज तारेतल्या विजेसारखी असते का?

नाही. घरातल्या तारेत इलेक्ट्रॉन वाहतात. चेतापेशीत मात्र सोडियम, पोटॅशियम यांसारख्या क्षारांचे विद्युतभारित कण, म्हणजेच आयन, पेशीच्या आतबाहेर करतात. प्रत्येक पेशीभोवती एक पातळ आवरण असते. त्याला पेशीपटल म्हणतात. त्याची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी असते. आयन या पटलातून सहज आरपार जाऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी प्रथिनांची बनलेली खास दारे असतात.

पेशी शांत असताना काय चालू असते?

पटलातील एक पंप सतत ३ सोडियम आयन बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आयन आत घेतो. त्यामुळे बाहेर सोडियम जास्त आणि आत पोटॅशियम जास्त, अशी स्थिती कायम राहते. आतले थोडे पोटॅशियम काही उघड्या दारांतून बाहेर झिरपते आणि जाताना धन भार घेऊन जाते. परिणामी पेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण राहते. पेन्सिल सेलच्या दीड व्होल्टच्या साधारण विसाव्या भागाइतका हा दाब आहे.

संदेश कसा निघतो?

स्पर्श, उष्णता किंवा शेजारच्या पेशीचा इशारा मिळाला की हा ऋण दाब थोडा कमी होतो. तो उणे ५५ मिलिव्होल्टच्या आसपास आला की सोडियमची दारे झटकन उघडतात. सोडियम आत घुसते आणि आतली बाजू क्षणभर धन होते, साधारण ३० ते ४० मिलिव्होल्टपर्यंत. लगेच, एखाद्या मिलिसेकंदात, सोडियमची दारे आपोआप बंद होतात. मग पोटॅशियम बाहेर पडते आणि पेशी पुन्हा मूळ स्थितीला येते. या झटक्याला ‘अ‍ॅक्शन पोटेन्शियल’ म्हणतात. एका जागचा झटका पुढची दारे उघडतो, तिथला त्याच्या पुढची, आणि संदेश नसेतून धावत जातो.

हा झटका लहानमोठा नसतो. एक तर तो पूर्ण येतो, नाहीतर येतच नाही. जास्त दुखते तेव्हा झटके मोठे होत नाहीत, ते अधिक वेळा येतात.

अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सले यांनी स्क्विड या समुद्री जीवाच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून हे गणित १९५२ मध्ये मांडले. त्यासाठी त्यांना १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

विंचवाचे विष काय करते?

लाल विंचवाच्या विषातील काही प्रथिने सोडियमच्या दाराला चिकटतात आणि ते वेळेवर बंद होऊ देत नाहीत. काही घटक पोटॅशियमची दारे अडवतात. म्हणजे पेशीला मूळ स्थितीवर आणणाऱ्या दोन्ही गोष्टी बिघडतात. नसा पुन्हा पुन्हा झटके देत राहतात. हृदय आणि रक्तवाहिन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या नसांमध्ये हे घडले की शरीरात अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या रसायनांचा पूर येतो. अंग घामाने भिजते, हातपाय थंड पडतात, उलट्या होतात, रक्तदाब चढतो. पुढे हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साचू शकते.

महाडच्या डॉक्टरांनी काय शोधले?

रायगड जिल्ह्यातील महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांवर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरले. त्याचे निष्कर्ष १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. हे औषध सोडियमचे दार बंद करत नाही. त्या रसायनांचा रक्तवाहिन्यांवर होणारा परिणाम ते रोखते आणि हृदयावरचा ताण उतरवते. थेट विषावर काम करते ती प्रतिलस. दोन्ही एकत्र दिल्यास रुग्ण लवकर बरे होतात, हे त्यांच्या २०११ च्या अभ्यासात दिसले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

दंश झाल्यास काय करावे?

फक्त वेदनेवरून धोका ठरवू नका. घाम, उलट्या, थंड हातपाय ही विष शरीरात पसरल्याची लक्षणे आहेत. मंत्र-तंत्र, चिरा देणे यांत वेळ न घालवता जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात जा. लहान मूल असेल तर लक्षणांची वाट पाहू नका.