मोनोक्रोटोफॉस
कापूस, भात इ. पिकांवरील रसशोषक किडी व अळ्यांसाठी वापरले गेलेले अतिविषारी, आंतरप्रवाही कीटकनाशक (पहा : ऑर्गॅनोफॉस्फेट संयुगे). 1965 च्या सुमारास प्रचारात आले. पाण्यात सहज विरघळते. त्वचा, श्वास वा तोंडावाटे शरीरात शिरून ते अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज या विकराचे कार्य रोखते. बाहुल्या आकसतात, लाळ व घाम सुटतो, स्नायू फडफडतात आणि श्वसन थांबून मृत्यू ओढवतो. पक्ष्यांनाही घातक. हाताळताना हातमोजे, मुखपट्टी व अंगभर कपडे आवश्यक. वाऱ्याविरुद्ध फवारणी व रिकाम्या डब्यांचा घरगुती वापर वर्ज्य. विषबाधेत दूषित कपडे काढून त्वचा साबणाने धुतात; रुग्णालयात अ‍ॅट्रोपीन देतात (पहा : विषबाधा). 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात या द्रव्याने दूषित मध्यान्ह भोजनामुळे 23 शाळकरी मुले दगावली. भारतात भाजीपाल्यावरील वापरास 2005 मध्ये बंदी आली.