कर्जत कुठलं?

माझं गाव कर्जत, असं सांगितलं की समोरच्या माणसाच्या तोंडाला हमखास पाणी सुटतं. "वा! वडा!" असं म्हणून तो माझ्याकडे अशा कौतुकाने पाहतो, की जणू मी स्वतःच कढईतून नुकता बाहेर आलो आहे. गेली चाळीस वर्षं मी लोकांना समजावतो आहे, की वडा त्या कर्जतचा, रायगड जिल्ह्यातल्या. आमचं कर्जत नगर जिल्ह्यातलं. आता अहिल्यानगर म्हणायचं. पण एकदा वड्याने माणसाचा कब्जा घेतला की भूगोलाचं काही चालत नाही.

माझ्या लग्नात मुंबईचे एक दूरचे मामा आहेराचं पातेलं घेऊन रेल्वेने थेट कर्जतला उतरले. इकडे अक्षता पडत होत्या तेव्हा ते तिकडे फलाटावर तिसरा वडा खात होते. चार दिवसांनी पोस्टकार्ड आलं : "कर्जतला पोचलो. मांडव सापडला नाही. वडे उत्तम." पातेलं अजून यायचं आहे.

मामांचा राग गेल्यावर मी या वड्याचा थोडा विचार केला. वडा त्याच गावी का गाजावा? कारण त्याच्यामागे इतिहास आहे, आणि इतिहासाच्या मागे इंजिन आहे. १८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाला. चढ असा, की सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. एकट्या इंजिनाला ते झेपेना. म्हणून कर्जतला गाडी थांबवायची आणि मागून ढकलायला जादा इंजिनं लावायची. अजूनही बऱ्याच गाड्यांना ती लावतात. तेवढ्या वेळात उतारूने करायचं काय? तो खिडकीतून हात बाहेर काढतो आणि त्या हातावर कोणीतरी वडा ठेवतो. दिवाडकरांच्या वड्याचं नाव मुंबईपासून पुण्यापर्यंत झालं ते असं. कागदात बांधता येतो, उभ्याने खाता येतो, आणि शिट्टी झाली की उरलेला घास तोंडात कोंबून पळता येतं. वडा हे थांब्याचं अपत्य आहे.

आमच्या कर्जतला रेल्वेही नाही आणि घाटही नाही. सह्याद्रीने पाऊस अडवून ठेवावा आणि उरलासुरला आमच्याकडे पाठवावा, असा जुना रिवाज आहे. तालुक्यात भीमेकाठी सिद्धटेकचा गणपती आहे, राशीनची देवी आहे, रेहेकुरीच्या माळावर १९८० पासून काळविटांचं अभयारण्य आहे. आणि खायला काय? खायला शिपी आमटी.

शिपी म्हणजे शिंपी. शिंपी मंडळींच्या घरची आमटी, म्हणून शिपी आमटी, असं आमच्याकडे सांगतात. डाळ, भरपूर लसूण, खोबरं, काळा मसाला आणि वर लालभडक तर्री. बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी त्यात चुरायची, कांदा बुक्कीने फोडायचा आणि मग बोलणं बंद करायचं. बोलणं बंद करण्यात शिष्टाचार कमी आणि नाइलाज जास्त. दुसऱ्या घासाला कानातून वाफ निघते.

गेल्या आषाढात माझा न्यू जर्सीचा पुतण्या आला होता. आषाढ वद्य एकादशीला गोदड महाराजांचा रथ निघतो, तो त्याला पाहायचा होता. रथ पाहिला, साबुदाण्याची खिचडी खाल्ली, आणि रात्री गच्चीवर त्याने पिझ्झ्याचा विषय काढला. तिकडे म्हणे या विषयावर भावाभावांत अबोला होतो. न्यूयॉर्कवाले पातळ पिझ्झ्याची घडी घालून चालता चालता खातात. शिकागोवाले १९४३ पासून पातेल्यासारख्या खोल भांड्यात पिझ्झा करतात आणि काट्याचमच्याने खणतात. एकाच्या मते दुसऱ्याचा पिझ्झा म्हणजे पापड, आणि दुसऱ्याच्या मते पहिल्याचा म्हणजे लापशी.

"आणि मूळचा कुणाचा?" मी विचारलं.

"मूळचा नेपल्सचा, काका. तिथल्या राणीसाठी केलेला."

ही राणीची गोष्ट मला ठाऊक होती. १८८९ साली राणी मार्गेरिता नेपल्सला आली, तेव्हा राफाएले एस्पोसितो नावाच्या भटारख्याने टोमॅटो, चीज आणि तुळशीच्या जातीचा पाला घालून तिरंगी पिझ्झा केला. राणी खूश झाली, पिझ्झ्याला तिचं नाव मिळालं. या गोष्टीला पुरावा म्हणून जे पत्र दाखवतात, त्याबद्दल इतिहासकारांनी बऱ्याच शंका घेतल्या आहेत. खरी गोष्ट राणीहून जुनी आणि गरीब आहे. नेपल्सच्या गल्ल्यांतून हमाल आणि मजूर पिझ्झ्याचे तुकडे विकत घेऊन पोट भरायचे. फ्रेंच कादंबरीकार अलेक्झांडर द्यूमाने १८४३ च्या आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलं आहे, की पिझ्झा हे तिथल्या बाजाराचं तापमापक आहे. मासळी, तेल, चीज यांची आवक आणि वर्षाचं पीकपाणी, सगळं त्यावरून कळतं. २०१७ साली त्या नेपल्सच्या पिझ्झा करण्याच्या कलेला युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला. हमालाचं जेवण वारसा व्हायला पावणेदोनशे वर्षं लागली.

"मग उद्या बारस," मी म्हटलं, "उद्या तुला आमचं तापमापक दाखवतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही तीन हॉटेलं केली. पहिलं एसटी स्टँडजवळचं. तिथे मालक म्हणाले, "मूळची शिपी आमटी आमचीच. बाकीचे नकला करतात." पुतण्या रडत होता. मालकांना वाटलं, भरून आलं. दुसरं पेठेतलं. तिथे आमटीत लसूण जास्त, तर्री कमी, आणि मालकांच्या मते मूळची तीच. पुतण्याने डोळे पुसत विचारलं, "एवढी तिखट का असते?" त्यावर मालकांनी आम्हाला थेट १७९५ साली नेलं. निजामाशी लढायला मराठ्यांच्या फौजा शेजारच्या जामखेड तालुक्यात खर्ड्याला गेल्या. जाताना त्यांनी हीच आमटी खाल्ली आणि म्हणून लढाई जिंकली! निजाम का हरला याचा उलगडा मला त्या दिवशी झाला. खर्ड्याची लढाई खरी, जयही खरा. आमटीची साक्ष मात्र एकट्या मालकांची. मला नेपल्सची राणी आठवली. पदार्थाला चार पैसे मिळू लागले की त्याला राजघराण्यातलं एखादं स्थळ बघावंच लागतं.

शिवाय मिरची पोर्तुगिजांबरोबर गलबतातून आलेली. त्या कर्जतच्या वड्यातला बटाटाही त्यांचाच, आणि बटाटा हा शब्दही. तेव्हा पूर्वजांच्या तिखटाच्या गप्पा आपण जरा जपूनच माराव्यात.

तिखटाचं खरं कारण मला माहीत होतं. आमच्या घरात शिवणयंत्र होतं. वडील त्यावर बसत. १९७२ साली पाऊस आलाच नाही, आणि दुष्काळात कपडे शिवतं कोण? यंत्रावर चादर पडली आणि आईवडील दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. त्याच कामांतून पुढे महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि २००५ साली देशाने तोच धडा गिरवला. पण तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. मला योजना दिसत नव्हती, आमटी दिसत होती. ती दिवसेंदिवस पातळ होत चालली होती. अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोची भाकरी आणि तळ दिसणारी आमटी. एकदा मी म्हणालो, "आई, यात माझं तोंड दिसतं."

"बघून घे," आई म्हणाली, "धुतलंय का नीट."

एका संध्याकाळी वडिलांनी कामावरचे दोघं जण जेवायला आणले. डाळ मूठभर. आईने काही न बोलता आमटीत तांब्याभर पाणी ओतलं आणि वर दोन चमचे तिखट घातलं. मी चुलीपाशी बसलो होतो. माझ्याकडे न बघता ती हळूच म्हणाली, "झणका असला की डाळ कमी असल्याचं कळत नाही माणसाला." पाहुणे नाक पुसत पुसत पोटभर जेवले आणि तारीफ करून गेले. थोड्या कापडात मोठा सदरा बेतणं हे शिंप्याचंच काम. ते आईने आमटीत केलं होतं.

हे मी पुतण्याला तिसऱ्या हॉटेलात सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने चमचा बाजूला ठेवला, बाही सारली आणि हाताने भाकरी चुरायला घेतली.

तिसरं हॉटेल नवीन होतं. भिंतीवर बैलगाडीचं चित्र, आमटी लागेल तेवढी, आणि दाट अशी की त्यात पळी उभी राहावी. आईने ती पाहिली असती तर तिला आधी आनंद झाला असता आणि मग वाटलं असतं, एवढ्यात वीस पानं उठली असती.

गल्ल्यावरून मालकांनी विचारलं, "कशी झाली आमटी? मूळची आमचीच बरं का."

"चांगली झाली," मी म्हटलं, "फक्त तांब्याभर पाणी घालायला हवं होतं."

मालकांचा चेहरा पडला. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि संशयाने विचारलं, "तुम्ही कुठले?"

"कर्जतचा," मी म्हणालो.

"वाटलंच मला," ते म्हणाले, "वडेवाले!"