स्टॅमफर्ड : गाव जपलं, पण कुणी आणि कशासाठी?

मागच्या महिन्यात आपल्या पेठेतला आणखी एक वाडा उतरवला. मी फोटो टाकला, आणि खाली नेहमीची चर्चा झाली. एका मित्राने इंग्लंडमधल्या एका गावाचा फोटो लावून लिहिलं, "याला म्हणतात वारसा जपणं. आपल्या लोकांना किंमतच नाही." फोटोत मधाच्या रंगाची दगडी घरं, चर्चचा उंच मनोरा, उताराचा रस्ता. गावाचं नाव स्टॅमफर्ड.

मी इंग्लंडला कधी गेलेलो नाही. पण पत्रकाराची खोड जात नाही. कुणी एखाद्याचं फार कौतुक केलं की त्याचा सातबारा काढून बघावासा वाटतो. तसा स्टॅमफर्डचा काढला. गाव सुंदर आहे, यात वाद नाही. पण ते जसंच्या तसं राहिलं त्याचं कारण 'इंग्रजांना वारशाची किंमत होती' इतकं सोपं नाही. त्यात राजकारण आहे, जमीन आहे, निवडणुका आहेत. म्हणजे आपल्या ओळखीचंच सगळं.

आधी गाव बघू. लंडनच्या उत्तरेला साधारण दीडशे किलोमीटरवर, वेलंड नदीच्या काठी. वस्ती वीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं छोटं तालुक्याचं गाव. तेवढ्या गावात सहाशेहून जास्त इमारती सरकारी संरक्षित यादीत आहेत. नावाचा अर्थच 'दगडी उतार', नदी पायी ओलांडायची जागा. लंडनहून उत्तरेकडे जाणारा जुना हमरस्ता इथूनच नदी ओलांडायचा.

मध्ययुगात हे गाव लोकरीवर आणि कापडावर श्रीमंत झालं. विल्यम ब्राउन नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने १४७५ च्या सुमारास दहा गरीब पुरुष आणि दोन गरीब स्त्रियांसाठी धर्मशाळेसारखी वास्तू बांधली. ती आजही उभी आहे आणि तिथं आजही माणसं राहतात. त्याआधी, १४६१ मध्ये, यादवी युद्धात लँकेस्टर पक्षाच्या फौजेने गाव लुटलं होतं. पुढे लोकरीचा धंदा ओसरला आणि गाव मागे पडलं.

दगड मात्र जवळचाच. बार्नॅक आणि केटन इथल्या खाणींतला चुनखडी दगड भिंतींना, आणि कॉलीवेस्टनच्या पातळ दगडी फरश्या छपराला. या फरश्या काढायची रीत ऐकण्यासारखी आहे. खाणीतून काढलेले दगड हिवाळ्यात उघड्यावर ठेवायचे, त्यांच्यावर पाणी मारत राहायचं. आत मुरलेलं पाणी गोठून फुगलं की दगडाचे थर सुटे होतात. मग हातोडीने टिचवून फरश्या वेगळ्या करायच्या.

सतराव्या-अठराव्या शतकात रस्त्याने गावाला परत हात दिला. घोड्यांच्या टपालगाड्या आणि प्रवासी गाड्या इथं थांबायच्या, घोडे बदलायचे, माणसं मुक्काम करायची. 'जॉर्ज' नावाची जुनी खानावळ-सराई आजही हॉटेल म्हणून चालू आहे. तिच्या नावाची पाटी रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडव्या तुळईवर आहे. आत दोन दालनांवर 'लंडन' आणि 'यॉर्क' अशी नावं आहेत. ज्या दिशेला जायचं त्या दालनात बसून गाडीची वाट बघायची. आपल्या एसटी स्टँडच्या फलाटांसारखंच. हाती पैसा आला तशी लोकांनी जुन्या लाकडी घरांना नवी दगडी दर्शनी बाजू चढवली. आज ज्याचे फोटो निघतात ते बरंचसं हेच.

आता मुख्य गोष्ट.

गावाच्या दक्षिणेला, अगदी लगत, बर्ली हाउस नावाचा प्रचंड वाडा आहे. तो बांधला विल्यम सेसिलने. राणी पहिली एलिझाबेथ हिचा हा सगळ्यात विश्वासू मंत्री. बांधकाम चाललं १५५५ ते १५८७. अठराव्या शतकात त्याच्या वंशजांनी केपॅबिलिटी ब्राउन या नामांकित उद्यानरचनाकाराला बोलावून वाड्याभोवतीचा अख्खा परिसर बदलून घेतला. तलाव खोदला, झाडं लावली, हिरवळीचे उतार तयार केले. आज बघताना निसर्ग वाटतो, पण तो माणसाने रचलेला आहे.

या घराण्याचे प्रमुख पुढे मार्क्वेस ऑफ एक्झेटर झाले. गावातली पुष्कळ घरं त्यांच्या मालकीची. आणि त्या काळच्या नियमानुसार मत कुणाला? ढोबळमानाने, घरपट्टी भरणाऱ्या घरधन्याला. मतदान कसं? उघड. गुप्त मतदान इंग्लंडमध्ये आलं १८७२ ला. म्हणजे घर मालकाचं, भाडेकरू आपण, आणि मत कुणाला दिलं ते मालकाला दुसऱ्या दिवशी कळणार. काय होत असेल ते मी सांगायला नको.

स्टॅमफर्ड संसदेत दोन सदस्य पाठवायचं आणि ते बहुतेक वेळा सेसिल घराण्याच्या पसंतीचे असायचे. विरोध झालाच नाही असं नाही. १८३१ मध्ये चार्ल्स टेनिसन या सुधारणावादी उमेदवाराने त्यांच्याकडून एक जागा हिसकावली. प्रकरण इतकं तापलं की टेनिसन आणि लॉर्ड थॉमस सेसिल यांच्यात पिस्तुलांचं द्वंद्व झालं. पुढच्या वर्षी निवडणूक सुधारणेत मतदारसंघाची हद्द वाढवली आणि नदीपलीकडचा सेंट मार्टिन्स भाग त्यात आला. तो सेसिलांच्या वजनाखालचा. वॉर्डरचनेचा खेळ आपल्याकडेच चालतो असं कुणी समजू नये.

आता गावाचा नकाशा डोळ्यापुढे आणा. दक्षिणेला लॉर्डसाहेबांचं उद्यान. उत्तरेला गावाची मोकळी शेतं. मोकळी म्हणजे कुंपण नसलेली. एकेका मालकाच्या पट्ट्या इथं-तिथं विखुरलेल्या, आणि पीक निघालं की त्यावर गुरं चारायचे सामायिक हक्क. इंग्लंडभर अशा जमिनींचे वाटे एकत्र करून कुंपणं घालणं चाललं होतं. आपल्याकडे पुढे गटवारी झाली, तसं काहीसं. ते झाल्याशिवाय त्या जमिनीवर घरं बांधता येत नव्हती, आणि त्यासाठी सहसा संसदेचा कायदा लागायचा. बड्या जमीनदाराची मर्जी नसेल तर तो होणं अवघड.

स्टॅमफर्डमध्ये हे काम थेट १८७० च्या दशकापर्यंत लांबलं. का? अभ्यासक जे कारण सांगतात ते आपल्याला चटकन पटेल. शेतं मोकळी झाली की नवी घरं येणार. नव्या घरांत नवे मतदार. आणि ते लॉर्डसाहेबांचे भाडेकरू असतीलच असं नाही.

मग वाढणारी माणसं गेली कुठं? गावातच. पुढून देखणी दगडी घरं, आणि त्यांच्या मागच्या परसात, बोळांत, कोंदट चाळवजा खोल्या. आज फोटोत दिसतो तो पुढचा भाग. मागे गर्दीत राहणाऱ्या कष्टकऱ्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत.

त्यातच रेल्वे आली. लंडनहून उत्तरेला जाणारी मुख्य लाइन १८५० च्या सुमारास शेजारच्या पीटरबरोवरून गेली. स्टॅमफर्डला १८४६ पासून रेल्वे होती, पण ती आडवाटेची. मार्क्वेसने मुद्दाम मुख्य लाइन अडवली, असं गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. इथं मात्र त्याच्यावर सगळं खापर फोडू नये, कारण हाच मार्क्वेस पुढे १८५६ ला मुख्य लाइनपासून गावापर्यंत फाटा आणायच्या कामात पुढे होता. कारण काहीही असो, परिणाम एकच. घोडागाड्या बंद पडल्या, सराया ओस पडल्या, कारखाने पीटरबरोकडे वळले. त्या वेळी दोन्ही गावं एकमेकांच्या तोलाची होती. आज पीटरबरोची वस्ती दोन लाखांवर आहे.

म्हणजे बघा. स्टॅमफर्डची जुनी घरं पाडायला कुणाला सवड नव्हती, पैसा नव्हता, जागाही नव्हती. गाव जपलं नाही, गाव अडकलं. आज आपण ज्याला वारसा म्हणतो, ते एका पिढीच्या अडवलेल्या वाढीचं उरलेलं रूप आहे.

या गोष्टीचा एक धागा आपल्या मातीपर्यंत येतो. १८५३ ते १८६८ अशी पंधरा वर्षं स्टॅमफर्डचा एक खासदार होता रॉबर्ट सेसिल, याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेतला. या काळात त्याच्या जागेसाठी एकदाही लढत झाली नाही. प्रत्येक वेळी बिनविरोध. हाच माणूस पुढे लॉर्ड सॅलिसबरी म्हणून इंग्लंडचा पंतप्रधान झाला, तीन वेळा. पण त्याआधी तो दोनदा भारतमंत्री होता. पहिल्यांदा १८६६-६७ मध्ये, स्टॅमफर्डचा खासदार असतानाच, ओडिशात भीषण दुष्काळ होता तेव्हा. दुसऱ्यांदा १८७४ ते १८७८. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखती जाळली, ते दख्खनचे दंगे सुरू झाले तेव्हा लंडनमध्ये आपल्या कारभाराच्या खुर्चीवर हाच बसलेला. सुप्याच्या शेतकऱ्याला स्टॅमफर्ड हे नाव माहीत असायचं कारण नव्हतं. पण त्याच्या नशिबाचा कारभारी राजकारणात शिरला तो त्या देखण्या गावाच्या दारातून, एकही विरोधी मत न मोजता.

मग इंग्रजांचं काहीच कौतुक करायचं नाही का? करायचं. पण योग्य जागी.

विसाव्या शतकात मोटारी आल्या आणि खरा धोका तेव्हा सुरू झाला. उत्तरेचा हमरस्ता अजून याच अरुंद, उताराच्या गल्ल्यांतून जात होता. देशभर जुन्या पेठा पाडून रुंद रस्ते आणि सिमेंटच्या इमारती करायचं वारं होतं. स्टॅमफर्डला १९६० मध्ये बाहेरून वळणरस्ता मिळाला. आणि १९६७ मध्ये ब्रिटनच्या संसदेत एक कायदा झाला, डंकन सँडिस या खासदाराने खासगी विधेयक म्हणून आणलेला. तोवर एकेकटी इमारत यादीत घालता येत होती. या कायद्याने पहिल्यांदा मान्य केलं की वारसा म्हणजे सुटी इमारत नव्हे, अख्खी वस्ती असते. रस्त्याचं वळण, घरांची रांग, मधला चौक, झाडं, सगळं मिळून. त्या कायद्याखाली इंग्लंडमधलं पहिलं संरक्षण क्षेत्र म्हणून नाव लागलं ते स्टॅमफर्डचं. मुंबईत १९९५ च्या वारसा नियमावलीत एकेकट्या इमारतींसोबत परिसरही घेतले गेले, ते याच विचाराच्या वाटेवरचं पाऊल.

म्हणजे शंभर वर्षं गाव अडकून राहिलं हा योगायोग. १९६७ ला ते ठरवून राखलं, हा निर्णय. कौतुक या निर्णयाचं.

आणि निर्णयाने सगळं सुटतं असंही नाही. २०११ मध्ये खर्चकपातीत गावाचं संग्रहालय बंद झालं. दर्शनी भिंती कायद्याने राहिल्या, गावाच्या गोष्टी सांगणारी जागा गेली. दुसरीकडे, ज्या उत्तरेला एकेकाळी घरं होऊ दिली नव्हती, त्याच बाजूला आता हजाराहून जास्त घरांच्या नव्या वसाहतीचं नियोजन आहे. जुन्या गावाच्या सौंदर्यामुळे घरं महाग होतात, आणि तिथल्या तरुणांनाही कुठंतरी राहायचं असतंच.

माझ्या त्या मित्राला मी एवढंच सांगेन. आपल्या पेठेत वाडा उतरवणाऱ्याला 'किंमत नाही' म्हणणं सोपं आहे. त्याच्या वाड्यात सात वारसदार आहेत, छप्पर गळतंय, जुना भाडेकरू नाममात्र भाडं देतो. त्याच्याकडे बघून हळहळ व्यक्त करणारे आपण, त्याच्या छपराचा एक पत्रा तरी बदलून देतो का? स्टॅमफर्डच्या परसातल्या खोल्यांत कोंडलेली माणसं कुणाच्या फोटोत नाहीत. आपल्या वारशाच्या फोटोत आपण तेच करायचं नसेल, तर जपण्याचा खर्च कुणी सोसायचा हे आधी बोलावं लागेल.

नगरपालिकेचा नवा विकास आराखडा येईल तेव्हा त्यात पेठेसाठी एक ओळ तरी आहे का, हे मी बघणार आहे. तुम्हीही बघा. हरकती-सूचनांची मुदत सहसा लोकांना कळायच्या आत संपते.