जोतिबाचा घाट आणि नव्वद नंबरचं ऑइल

कोल्हापुरातून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलं की पंचगंगा ओलांडून केर्लीपर्यंत गाडी सपाटीनं धावते. केर्लीला उजवीकडे वळलं की घाट लागतो. कोल्हापूर शहर समुद्रसपाटीपासून साधारण १,८५० फुटांवर आहे आणि वाडी रत्नागिरीचं जोतिबाचं देऊळ ३,१०० फुटांवर. यातली बरीचशी उंची शेवटच्या काही किलोमीटरांतच चढायची असते. भरलेली गाडी इथं खालच्या गिअरमध्येच रांगते.

या चढावर गाडीच्या पोटात काय होतं, ते बघण्यासारखं आहे. मागच्या चाकांना जोर असलेल्या गाडीचं नाक वर झालं, की मागच्या अ‍ॅक्सलच्या गोळ्यातलं, म्हणजे डिफरन्शियलमधलं तेल मागं सरकतं. इंजिनाचा जोर आणणारी पिनियन असते पुढच्या अंगाला, त्यामुळे तिचं पुढचं बेअरिंग उंचावर जातं. ऐन जोर लागतो तेव्हाच तेल तिच्यापासून लांब जातं. पातळी बरोबर असेल तर फिरणारा क्राऊन, म्हणजे पिनियनला जुळलेलं मोठं दातेरी चाक, तेल उडवून तिथवर पोचवतो. पातळी उतरली असेल तर आधी हूं-हूं असा आवाज सुरू होतो आणि दुर्लक्ष केलं तर क्राऊन-पिनियनचे दात जातात. सपाटीवर महिनोन् महिने झाकून राहिलेली कसर हा घाट एका फेरीत उघडी पाडतो. म्हणूनच या डोंगराच्या वाहतुकीचा इतिहास न दिसणाऱ्या त्या तेलाच्या बाजूनंही सांगायला हवा.

मोटार येण्याआधी हीच काळजी बैलगाडीच्या आसाला होती. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या उंच निशाणकाठ्या, खांद्यावर पायी यायच्या, आजही येतात; पण शिधा, भांडीकुंडी आणि म्हातारीकोतारी माणसं बैलगाड्यांतून. गाडीखाली वंगणाची नळी टांगलेली असायची. एरंडेलात काजळी कालवून केलेलं ते काळं वंगण आस आणि चाकाचा तुंबा यांच्यामध्ये भरायचं. चाक करकरायला लागलं की गाडीवानाला वंगण संपल्याचं कळे. लांबच्या वाटेला लागण्याआधी चाक काढून वंगण घालणं हे बैलांना पाणी दाखवण्याइतकंच नेमाचं काम होतं.

मोटारीनं चाकाचा जोर माणसाच्या आणि जनावराच्या हातून काढून लोखंडी पेट्यांत नेला. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, आणि दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर एक फरफटत जातं. यावरचा तोडगा, डिफरन्शियल, ओनेझिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीनं १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी मांडला. पुढं १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीनं हायपॉइड दात वापरात आणले. पिनियन खाली सरकली, गाडीची बैठक खाली आली, आवाज कमी झाला. पण हे दात एकमेकांवर फिरतात तसे घसरतातही, आणि त्या दाबाखाली साधं तेल फाटतं. म्हणून तेलात गंधकाची द्रव्यं घालावी लागली. गॅरेजात तेलाच्या पेटीचा प्लग उघडल्यावर नाकात शिरणारा तो उग्र वास या गंधकाचाच.

आता पुन्हा या डोंगराकडे. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं. त्याच्या आदल्या वर्षी, १ जून १९४८ रोजी, पुणे ते अहमदनगर ही एसटीची पहिली बस धावली होती. सुरुवातीच्या त्या ताफ्यात बेडफर्ड, शेव्हरोले, फोर्डसन, अल्बियन, लेलँड अशा नाना बनावटीच्या गाड्या होत्या. प्रत्येकीची पेटी वेगळी, प्रत्येकीच्या प्लगची जागा वेगळी. त्या काळच्या बऱ्याच बस-ट्रकांच्या गिअरबॉक्सला गिअरचे वेग जुळवणारं सिंक्रोमेश नसे. घाटात गिअर उतरवताना ड्रायव्हर डबल क्लच मारायचा, मधे अ‍ॅक्सिलरेटरला नेमका एक टोला द्यायचा. तो चुकला की दात दातावर घासले आणि त्यांचा चुरा तेलात उतरला. अशा गाड्या चैत्रात डोंगरावर जादा फेऱ्या करत असतील, तर रात्री डेपोतल्या खड्ड्यात उतरून प्लग उघडणाऱ्या माणसाचं काम किती मोलाचं होतं हे वेगळं सांगायला नको. यात्रेच्या आठवणींत ड्रायव्हर-कंडक्टर येतात, खड्ड्यातला हा माणूस येत नाही. तो यायला हवा.

एसटीच्या जोडीला आली जीप. महिंद्रांनी स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबईत विलिसची जीप जुळवायला घेतली आणि सह्याद्रीच्या कच्च्या वाटांना ती मानवली. तिच्या पोटात तेल बघायच्या जागा चार: गिअरबॉक्स, त्याला लागून ट्रान्सफर केस, पुढचं डिफरन्शियल आणि मागचं. इंजिनाला असते तशी तेल मोजायची दांडी यांतल्या एकालाही नाही. बाजूला एक प्लग, एवढंच.

तेल बघायची जुनी रीत अजून तीच आहे. गाडी सपाट जागी हवी. घाटाच्या उतारावर उभी करून पाहिलेली पातळी खोटी. नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीला थोडा विसावा द्यायचा, म्हणजे उडालेलं तेल खाली बसतं. प्लगभोवतीची माती, आणि यात्रेनंतर असेल तर गुलालही, आधी चिंधीनं पुसायचा, नाहीतर तो आत पडतो. प्लग काढून करंगळीशेजारचं बोट आत घालून वाकवायचं. भोकाच्या खालच्या कडेशी बोटाला तेल लागलं तर पातळी ठीक. मग ते तेल अंगठ्यानं चोळून उजेडात धरायचं. राखाडी लुकण असेल तर ती नेहमीची झीज. सोनेरी चमक दिसली तर गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रोनायझर रिंगा झिजताहेत. बोटाला कपचा टोचला तर गाडी घाटात न्यायचीच नाही.

कमी तेलाची भीती सगळ्यांना असते, जादा तेलाची फारशी कुणाला नसते. पण गोळा गळ्यापर्यंत भरला, किंवा वरचा ब्रीदर, म्हणजे हवेचं भोक, चिखलानं बुजला, तर तापलेलं तेल वाट काढत अ‍ॅक्सलच्या सीलमधून मागच्या ड्रममध्ये उतरतं आणि ब्रेकच्या लायनरला लागतं. चढताना हे कळत नाही. दर्शन घेऊन उतरताना कळतं. म्हणून भोकातून तेल ओघळायला लागलं तर धार थांबेपर्यंत वाहू द्यायचं, घाईनं प्लग लावून टाकायचा नाही.

नंतर वडापचे, म्हणजे सीट भरून चालणाऱ्या खासगी गाड्यांचे, दिवस आले. जीप आणि ट्रॅक्समध्ये माणसं खच्चून भरायची, मागच्या पायरीवरही उभी. या गाड्यांनी डोंगराच्या आसपासच्या वाड्या-वस्त्या बाजाराला, शाळेला, दवाखान्याला जोडल्या, हे त्यांचं ऋण मोठं. पण ओझ्याचा सगळा भार मागच्या अ‍ॅक्सलवर पडायचा. दुकानात ‘नव्वद नंबर द्या’ म्हटलं की गिअर ऑइल मिळे आणि गिअरबॉक्सला, डिफरन्शियलला दोन्हीकडे तेच जाई. खरं तर हायपॉइडसाठीच्या काही जहाल तेलांतलं गंधक गिअरबॉक्समधल्या पितळेला खातं. नंबर सारखा असला तरी तेल सारखं नसतं.

पुरानं तेल बघण्याच्या कामाला आणखी एक रूप दिलं. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये पंचगंगा पात्राबाहेर पसरली, पन्हाळा-जोतिबाकडचा रस्ता पाण्याखाली गेला आणि शहरात शेकडो गाड्या बुडाल्या. पाण्यात अडकलेल्या गरम अ‍ॅक्सलमधली हवा गार होऊन आक्रसते आणि ब्रीदरमधून, सीलमधून पाणी आत खेचते. अशा गाडीचा प्लग उघडला की दुधाळ चहासारखं तेल बाहेर येतं. ते बदललं नाही तर बेअरिंगला गंज धरतो आणि दोष काही महिन्यांनी समोर येतो.

त्याच्या कितीतरी आधी, १९८३च्या डिसेंबरात, मारुती ८०० आली आणि घरगुती गाडीतला मागचा गोळाच गेला. पुढच्या चाकांना जोर, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत, तेलही एकच. आज जोतिबावर पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या बहुतेक मोटारी याच जातीच्या आहेत. काही ऑटोमॅटिक गाड्यांना दांडी असते, पण ती बहुधा इंजिन चालू आणि तेल गरम असताना बघायची. अनेक नव्या गाड्यांना दांडीच नाही, आणि त्यांचं तेल गाडीच्या आयुष्यभरासाठी भरलंय असं सांगितलं जातं. हा हिशेब सपाट रस्त्यांचा आहे. दर रविवारी किंवा दर पौर्णिमेला घाट चढणाऱ्या गाडीचं तेल जास्त तापतं, म्हणून लवकर म्हातारं होतं, आणि सील पाझरलं तर आयुष्यभराचं तेलही जमिनीवरच पडतं. विजेच्या गाडीलाही यातून सुटका नाही: तिच्या मोटारीचा वेग चाकाजोगा करणारी गिअरची पेटी असतेच, तिच्यात तेल असतं, आणि त्या पेटीलाही बाजूला एक प्लग असतो.