कादंबरीचा माजघरांतील प्रवेश

महाराष्ट्रांत घरीं ग्रंथ वाचून दाखविण्याची चाल कादंबरीहून पुष्कळ जुनी आहे. श्रीधरकवीचे ‘हरिविजय’, ‘रामविजय’ व ‘पांडवप्रताप’ हे ग्रंथ अठराव्या शतकाच्या आरंभीं रचिले गेले आणि पुढें चातुर्मासांत घरोघरीं त्यांच्या पोथ्या लागूं लागल्या. वाचणारा एक आणि ऐकणारीं दहा माणसें, असा तो प्रकार असे. ज्या वृद्धेनें जन्मांत अक्षर गिरविलें नाहीं, तिलाहि सीताहरणापासून रावणवधापर्यंतची कथा तोंडपाठ असे, ती या श्रवणामुळेंच. पोथीचा आरंभ ठरलेला असे. प्रथम गणेशास, मग सरस्वतीस, मग सद्गुरूस वंदन आणि त्यानंतर श्रोत्यांस विनंति. ऐकणारा आधींच हात जोडून बसलेला असल्यामुळें त्याचें मन ओढून घेण्याचें काम पोथीच्या पहिल्या पानाकडे नव्हतें.

कादंबरीपाशीं हें भांडवल नव्हतें. तिच्या वाचनानें पुण्य लाभत नसे. वेळ फुकट घालविल्याचा ठपका मात्र येई. बाबा पदमनजी यांचें ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालीं प्रसिद्ध झालें. मराठींतील पहिली कादंबरी म्हणून त्याचा उल्लेख होतो. विधवांची दुःस्थिति हा त्याचा विषय जिव्हाळ्याचा खरा, परंतु ग्रंथकार ख्रिस्ती झालेले आणि हेतूंत धर्मोपदेश मिसळलेला. त्यामुळें सनातनी घराचा उंबरठा ओलांडणें त्या पुस्तकास अवघडच होतें. पुढें १८६१ मध्यें लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ व १८६८ मध्यें नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ निघाली. अद्भुत प्रसंग आणि अलंकारिक वर्णनें यांनीं वाचकांची करमणूक झाली. तथापि चुलीपुढें बसणाऱ्या बाईस आपला संसार त्यांत कोठें दिसावा?

शिवाय बाईनें पुस्तक हातीं धरणें हेंच त्या काळीं वादाचें कारण होतें. १८७३ सालीं रमाबाईंचा विवाह न्यायमूर्ति रानडे यांच्याशीं झाला, तेव्हां त्यांचें वय अकरा वर्षांचें होतें. रानड्यांनीं त्यांना शिकविण्यास आरंभ केला आणि घरांतील वडीलधाऱ्या बायकांचा रोष त्यांच्यावर ओढवला. ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या १९१० सालच्या पुस्तकांत रमाबाईंनीं तो काळ नमूद करून ठेविला आहे. थोर सुधारकाच्या घरांत जर ही स्थिति, तर इतरत्र काय असेल याची कल्पना करावी.

अशा समाजांत १८९० सालीं पुण्यास हरि नारायण आपटे यांचें ‘करमणूक’ हें साप्ताहिक सुरू झालें. १८८१ चा ‘केसरी’ आणि १८८८ चा ‘सुधारक’ हीं पत्रें राजकीय व सामाजिक वादांचीं. त्यांवरची चर्चा ओटीवरच्या पुरुषमंडळींत चाले. ‘करमणूक’ घरांतील सर्वांसाठीं होतें. आबालवृद्धांस, आणि विशेषतः स्त्रियांस, हातीं घेतां येईल असें पत्र काढावें, हा त्यामागील हेतु. याच पत्रांतून ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊं लागली.

तिचा विषय स्फोटक होता. बालविवाह, सासुरवास, वैधव्य आणि केशवपन. त्याच सुमारास, १८९१ सालीं, संमतिवयाचा कायदा होऊन मुलीची वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली आणि त्यावरून पुण्यांत मोठें रण माजलें. याच विषयांवरचें व्याख्यान पुष्कळ घरांनीं दारांतूनच परत पाठविलें असतें. पण आपट्यांनीं पहिल्या पानावर वाद मांडला नाहीं. सव्वीस वर्षांच्या त्या तरुण लेखकानें कथा सांगण्याचें काम यमू नांवाच्या मुलीकडे सोंपविलें, आणि ती आपल्या बाळपणापासून बोलूं लागली. भाऊ, आई, घरांतले लहानमोठे प्रसंग आणि नेहमीच्या बोलण्यांतली भाषा. ऐकणाऱ्या बाईस ती आपल्याच पोटची पोर वाटावी. एवढ्याशा पोरीला दाराबाहेर कोण काढणार?

एकदां घरांत आल्यावर ती हळूहळू मोठी झाली. तिचें लग्न झालें, प्रेमळ व सुधारलेल्या विचारांचा नवरा लाभला, थोडे सुखाचे दिवस आले; आणि नवरा गेल्यावर तिचें बळजबरीनें वपन झालें. तोंवर श्रोत्यांना तिचा लळा लागलेला होता. जी रीत शास्त्राधार म्हणून मुकाट्यानें मान्य होती, तीच ओळखीच्या मुलीवर कोसळतांना पाहावी लागली. कादंबरीच्या नांवांत लक्ष न देणाऱ्या समाजाविषयींची खंत आहे. त्या खंतीवरचा उपाय लेखकानें पहिल्या पानांत योजिला होता.

क्रमशः प्रकाशनाचाहि यांत वांटा आहे. पुढचें पान अजून छापलेलेंच नसल्यामुळें शेवट आधीं चाळून पाहण्याची सोय कोणासच नव्हती. वाचून दाखविणारा मुलगा आणि ऐकणारी आजी दोघेंहि कथेच्या एकाच टप्प्यावर थांबत, आणि पुढचा अंक येईपर्यंत यमूविषयीं बोलावयास अवसर मिळे. एरवीं ज्या विषयाचा उच्चारहि वडिलांसमोर झाला नसता, तो यमूच्या निमित्तानें निघूं शके. पुढें ग्रंथालयें वाढलीं. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालीं आणि मुंबईचें १८९८ सालीं स्थापन झालें. ग्रंथालयांतून आणलेलें एक पुस्तक परत करण्यापूर्वीं घरांत अनेकांच्या हातून फिरूं लागलें.

आज प्रत्येकाचें पुस्तक वेगळें आणि वाचन मनांतल्या मनांत चालतें. त्यांत स्वातंत्र्य आहे, आणि तें पुष्कळ स्त्रियांनीं कष्टानें मिळविलेलें आहे, हें विसरूं नये. तरीहि नवी कादंबरी घरांत आली म्हणजे एखाद्या सायंकाळीं कोणीं तरी तिचें पहिलें पान मोठ्यानें वाचावें आणि तेथेंच थांबावें. स्वयंपाकघरांतून ‘मग पुढें काय झालें?’ असा प्रश्न आला, तर पुस्तक घरांत आलें असें समजावें.